अठ्ठावीस इंचांचा ताळेबंद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आमच्या शाळेत भूगोल शिकवीत, आणि त्यांच्या घराच्या गच्चीवर, तुळशीवृंदावनापासून दोन हातांच्या अंतरावर, एक तांब्याचे पर्जन्यमापक असे. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे सरकारी वेधशाळेच्या नेमक्या वेळी, ते गच्चीवर जात, नरसाळे काढीत, बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतीत, आणि डोळा पाण्याच्या रेषेशी समांतर येईल इतके वाकून जो आकडा दिसे तो एका लांबट, लाल पुठ्ठ्याच्या हिशेबाच्या वहीत उतरवीत. वहीला तीन रकाने होते : तारीख, पाऊस आणि शेरा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य काढण्याची त्यांची पद्धत नव्हती. कचेरीतल्या जुन्या कारकुनाप्रमाणे ते तिथे ‘निरंक’ असे लिहीत. सोलापुरात राहून हा छंद जोपासणाऱ्याला तो शब्द वर्षातून जवळजवळ तीनशे वेळा लिहावा लागतो, हे इथे बसलेल्यांना निराळे सांगावयास नको.

आमच्या इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकात विलायतेतल्या एका सौम्य, पावसाळी परगण्याचे वर्णन होते. बारमाही हिरवी कुरणे, धुक्यातून दिसणारी गुरे, आणि दिवसभर पडूनही कोणाचे काम न अडवणारा भुरभुर पाऊस, असा तो सगळा थाट वाचून आम्हां मुलांच्या मनात आपल्या गावाविषयी एक प्रकारची लाज उत्पन्न झाली होती. गुरुजींनी एके दिवशी वर्गात विचारले, ‘पाऊस अधिक कोठे, लंडनास की सोलापुरास?’ वर्गातले सगळे हात लंडनच्या बाजूने वर गेले. गुरुजींनी ते हात खाली घ्यायला सांगितले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन आकडे मांडले : लंडन, सुमारे २४ इंच, सोलापूर शहर, सुमारे २८ इंच. आणि त्याखाली, आमची फजिती पुरती व्हावी म्हणून, तिसरा : मँचेस्टर, ३३ इंच. ज्या शहराच्या ओलाव्यावर अर्ध्या जगाचे कापड विणले गेले त्याला आपल्यापेक्षा अवघे पाच इंच अधिक! आमचे हात तसेच वर राहिले, आणि मला वाटते, माझा अजून पुरता खाली आलेला नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या फळ्यावरून उचललेला आहे.

सोलापूर हा अल्प पावसाचा मुलूख आहे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, आणि सांगोला-मंगळवेढ्याकडे, जिथे वीस इंच पडले तरी वर्ष बरे गेले असे समजतात, तिथे ते खरेही आहे. परंतु नुसत्या जमेच्या बाजूवरून कोणाच्या सांपत्तिक स्थितीचा निर्णय करू नये हे जसे सावकारीत, तसेच पर्जन्यशास्त्रातही. मँचेस्टरचे ३३ इंच वर्षातल्या दीडशे दिवसांवर पसरलेले असतात, आणि आपले २८ इंच पंचेचाळीस दिवसांच्या आसपास आटोपतात. त्यातलेही चार-दोन दिवस असे की, एका रात्रीत महिन्याचा ऐवज पदरात टाकून आभाळ मोकळे होते. खर्चाच्या बाजूला तर तुलनाच नाही. विलायतेत सूर्य इतका कृपण की, पडलेल्या पाण्यातले बरेचसे जमिनीतच राहते. आपल्याकडे उघड्या तळ्यावरून वर्षाकाठी सुमारे सहा फूट पाणी आकाशात परत जाते. सव्वादोन फूट जमा आणि सहा फुटांची मागणी असलेला हा संसार चालतो कसा, हा विचारण्याजोगा प्रश्न होय.

जमा इतकीच का, याचे उत्तर सह्याद्रीपाशी आहे. नैर्ऋत्येकडून येणारे वारे घाटमाथ्यावर चढताना निवतात आणि आपला भार तिथेच उतरवतात. म्हणून महाबळेश्वरास सव्वादोनशे इंचांच्या घरात पाऊस पडतो, तिथून अवघ्या दहा-बारा मैलांवरच्या पाचगणीस त्याचा तिसरा हिस्सादेखील पोचत नाही, आणि आपल्यापर्यंत येईतो त्या वाऱ्यांजवळ वेग तेवढा उरतो. आषाढातल्या सोलापूरचा वारा आठवा. दारे आपटतात, वाळत घातलेली धोतरे शेजारच्या वाड्यात जातात, डोक्यावरून ढगांचे तांडेच्या तांडे पूर्वेकडे निघून जातात, आणि अंगावर पडते ती भुरभुर, तिने रस्त्यावरची धूळही नीट बसत नाही. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेली दिंडी मावळात भिजून ओली होते, आणि पंढरपूरच्या वाळवंटात पोचेपर्यंत पुष्कळदा वाळलेली असते.

आपला खरा पाऊस पाठीमागल्या दाराने येतो. भाद्रपदाच्या सुमारास पश्चिमेचा जोर ओसरतो, बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, आणि ती तेलंगणावरून सरकत आपल्या अंगणापर्यंत येतात. दुपारी पूर्वेकडे ढग फुलकोबीसारखे वाढतात आणि संध्याकाळी गडगडाटासह कोसळतात. म्हणून कोकणात जुलै हा पावसाचा राजा, तर सोलापुरात सर्वांत ओला महिना सप्टेंबर. मुंबईच्या वर्तमानपत्रांत मान्सून निरोप घेऊ लागल्याच्या बातम्या येतात तेव्हा आमच्या शिवारात त्याचे स्वागत चाललेले असते. राजधानीच्या पंचांगाने प्रांताचे हवामान मोजण्याची खोड किती जुनी आहे, याचा हा एक दाखला.

शेतकऱ्याचे पंचांग मात्र पुरेपूर इथलेच आहे. त्याला जून-जुलैशी कर्तव्य नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा अशी त्याची नक्षत्रांची जपमाळ चालते. पुनर्वसूच्या पावसाला तो ‘तरणा’ म्हणतो, पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’; मघा-पूर्वा म्हणजे सासू-सुना; आणि हस्त म्हणजे साक्षात ‘हत्ती’. या नामकरणात नुसती गंमत नाही. तरणा आणि म्हातारा दोघेही आपल्याकडे फारसे कामाचे नाहीत, त्यांच्याकडून खरिपाच्या तूर-बाजरीपुरते मिळाले तरी पुष्कळ. उत्तरा आणि हत्ती यांच्यावर मात्र अख्ख्या घराची मदार. मृग गेला तर शेतकरी हळहळतो. हत्ती गेला तर तो गाव सोडण्याची भाषा करतो. डाळिंबाच्या बागाइतदाराने तर आपल्या झाडाच्या बहरांनाही हीच नावे दिली आहेत : मृग बहार, हस्त बहार, आणि थंडीच्या अखेरीस मोहोराबरोबर धरावयाचा आंबे बहार. २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात आहे; तिथले शास्त्रज्ञही शेतकऱ्याशी बोलताना याच शब्दांनी बोलतात.

आता त्या संसाराच्या गुपिताकडे येतो. ते गुपित आपल्या पायाखाली आहे. उन्हाळ्यात जिला हात हात रुंद भेगा पडतात, आणि पावसात जी चिखल होऊन जोडा काढून घेते, त्या काळ्या जमिनीची तीन-चार फूट खोली असेल तर ती सात-आठ इंच पाणी पिकाच्या मुळांसाठी राखून ठेवते. बँकेत ठेव ठेवावी तसे हे पाणी आश्विनात ठेवावयाचे आणि माघापर्यंत हप्त्या-हप्त्याने काढावयाचे. हत्तीचा पाऊस उघडला, जमिनीला वाफसा आला, म्हणजे मुठीत माती दाबली असता लाडू वळतो पण हात माखत नाही अशी ती झाली, की चाड्यावर मूठ धरली जाते, आणि त्यानंतर पिकावर आभाळाचा एक थेंब न पडला तरी ज्वारी उभी राहते. तिला मिळते ते पहाटेचे दहिवर, थंडी, आणि कोळपे. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे कुणबी म्हणतो. भेगा बुजल्या, वरचा थर भुसभुशीत झाला की खालची ओल वर येऊन उडून जात नाही, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. पुस्तक पुढे झाले. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले, आणि कानिटकरांसारख्या कृषिशास्त्रज्ञांनी बांधबंदिस्ती, विरळ पेरणी आणि ओलीचे मोजमाप यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. तिकडे मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण इतका लोकमान्य झाला की, नंतर आलेल्या कितीतरी संकरित वाणांना त्याला शिवारातून हुसकावता आले नाही. संशोधकाने शेतकऱ्याच्या कणग्यातूनच बी उचलले, हे त्याच्या यशाचे कारण असावे असे मला वाटते.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला, जिला आपण ‘येळवस’ म्हणतो, या ठेवीवरचे पहिले व्याज घरी येते. गाडीत आंबील, भज्जी आणि उंडे घालून सारे कुटुंब वस्तीवर जाते, ज्वारीच्या ताटांची खोप उभारून पूजा होते, आणि आल्यागेल्याला, ओळख असो वा नसो, पंगतीला बसवले जाते. पुढे ज्वारी चिकातून हुर्ड्यात आली की आगट्या पेटतात. दाक्षिणात्य उन्हाची कीर्ती ऐकून आलेल्या पाहुण्याने पौषातल्या पहाटे आगटीजवळ घोंगडीत बसून, तळहात भाजत, चोळलेला गरम हुर्डा खाऊन पाहावा. सोलापूर हा उन्हाचा गाव आहे, हे विधान मग तो निदान फाल्गुनापर्यंत तरी करणार नाही.

परंतु मघाशी मँचेस्टरचे नाव निघाले, ते तसेच सोडता येणार नाही. कारण सोलापूरने त्या पावसाळी परगण्याशी एक विलक्षण स्पर्धा केली. कापसाच्या तंतूचा स्वभाव असा की, हवा दमट असता तो बळकट होतो आणि कोरडी होताच ठिसूळ होऊन तटातट तुटतो. मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरचा कापडधंदा तिथल्या भिजट हवेवर पोसला गेला, असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात ते यासाठी. आणि तरीही तिथल्या मालकांना ती हवा पुरेना, तेव्हा त्यांनी मागांच्या शाळेत वाफ सोडण्यास प्रारंभ केला, इतकी की कामगारांच्या प्रकृतीसाठी पार्लमेंटला १८८९ साली कायदा करून त्या वाफेला मर्यादा घालावी लागली. आता अशा धंद्याला भर उन्हाळ्यात ओठ फुटतात अशा आमच्या गावी कोणी आणून बसवावे? पण मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी तो आणला, आणि १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. गिरणीच्या भिंतींच्या आत पाण्याचे फवारे सोडून एक कृत्रिम लँकेशायर निर्माण करण्यात आले. भोंगा झाला की माणसे सोलापूरच्या वैशाखातून आत शिरत, आणि घामेजलेली बाहेर येत.

हातमागावरच्या विणकराजवळ फवारे नव्हते. त्याने जमीन खणली. साखर पेठेतल्या एका पद्मशाली आजोबांच्या घरी लहानपणी मी त्यांचा खड्डा माग तासन्‌तास पाहत बसे. माग जमिनीसरसा, आणि विणणारा कमरेपासून खाली खड्ड्यात. पायांशी पावड्या, समोर ताणा, हातात धोट्याची दोरी. खोलीला खिडकी एकच, तीही बहुधा गोणपाटाने झाकलेली. मी विचारले, ‘तात्या, उजेड का येऊ देत नाही?’ ते तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले, ‘उजेड येते तर वारा पण येते. वारा आला की सूत रागावते.’ खड्ड्यातली मातीची ओल वर येऊन ताण्याच्या पोटाला लागावी, हे त्या रचनेचे मर्म होते, असे त्यांनी मला माझा हात खड्ड्यात घालावयास लावून पटवून दिले. बाहेर ४१ अंश ऊन होते आणि आत माझ्या बोटांना रांजणाच्या बुडासारखा गारवा लागला. पांजणी, म्हणजे ताण्याला खळ लावून कुंचल्याने साफ करणे, तेवढी उन्हाआधी, पहाटे गल्लीत लांबच लांब सूत ताणून होई. खळ वाळायला उजाडता वारा पुरे. एकाच धंद्याच्या दोन कामांसाठी एकाच दिवसातली दोन हवामाने वापरणारी ही माणसे तेलंगणातून आली, आणि त्यांना इकडे लोटणाऱ्या कारणांत तिकडचे दुष्काळही होते.

उन्हाळ्याविषयी मी फार बोलणार नाही. तो आपण भोगतो तेवढा पुरे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या आरंभी तो पुन्हा डोक्यावर येतो, पण त्या वेळी ढगांआड, म्हणून त्याचा कोणाला पत्ता लागत नाही. त्याच उन्हाचे एक देणे मात्र नमूद केले पाहिजे, ते म्हणजे आपली कडक भाकरी. पापडासारखी पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवलेली ही भाकरी शेंगाचटणीबरोबर दिवसेंदिवस टिकते. ती कोकणात श्रावणात नेऊन पाहावी. दुसऱ्या दिवशी तिची चिंधी होते.

दुष्काळाचा अध्याय टाळता येत नाही. या प्रदेशाच्या स्मृतीत तो संतकथेच्या रूपाने आधी येतो : बिदरच्या बहामनी अमलात मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजीपंतांनी उपाशी रयतेला सरकारी अंबारखाना खुला केला, आणि तो अफरातफरीचा पैसा विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बादशहाच्या खजिन्यात भरला. हवामानाच्या इतिहासकाराने या कथेतला चमत्कार बाजूस ठेवला तरी तिच्यातला अंबारखाना ठेवावा. पुढे १८७६ साली, धातुनाम संवत्सरात, पाठीमागल्या दाराचा पाऊस आलाच नाही, आणि सोलापूरचा जिल्हा मुंबई इलाख्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत गणला गेला. दुष्काळी कामांवर मजुराला दिवसाला एक रतल धान्य आणि एक आणा पुरे, असा हिशेब इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी बसवला. त्या हिशेबाविरुद्ध मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळी मुलखातल्या हकिकती गोळा करून सरकारदरबारी धाडल्या. आष्टीचा तलाव त्या दुष्काळाने मागे ठेवला. एकरूखचा त्याआधीच बांधून झाला होता. म्हणजे उपाशी माणसांनी खणलेल्या खड्ड्यांत पुढच्यांचे पाणी साठले. १९७२ साली याच रीतीने खडी फुटली, पाझर तलाव झाले, सुकडी वाटली गेली, आणि मालदांडीच्या या माहेरघरात रेशनच्या दुकानांतून अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. ती खाल्लेले माझ्या वयाचे लोक या सभागृहात असतील. तिच्या भाकरीला चिरा पडत, आणि ती दुरडीत पडून राही.

दुष्काळ आहे की नाही हे ठरवण्याचे माप पुष्कळ वर्षे आणेवारी, म्हणजे पुढची पैसेवारी, हे होते. पन्नास पैशांच्या आत पीक आले तर दुष्काळ, वर आले तर नाही. माप म्हणून त्यात गैर काही नव्हते. परंतु आमच्या घरच्या कोरडवाहू रानात एका वर्षी कणसे भरलीच नाहीत, आणि कागदोपत्री गावाची पैसेवारी बावन्न लागली. कोणत्या कचेरीत ती लागली हे सांगण्याचे कारण नाही, लावणारा कारकून बिचारा आमच्याच पंगतीला येळवसेला जेवून गेला होता. माझ्या वडिलांनी तगाईचा अर्ज परत घेतला आणि म्हणाले, ‘दोन पैशांनी आपण श्रीमंत झालो.’

याच्या उलट बाजूस एक गोष्ट अशी की, सोलापूरला परक्याच्या पावसाचे पाणीही भोगावे लागते. भीमेचा उगम भीमाशंकराजवळ, त्या डोंगरांत धुवांधार कोसळते, आणि पंढरपुरात लखलखीत ऊन पडलेले असता चंद्रभागेचे पाणी पुंडलिकाच्या देवळाला वेढा घालते. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाल्यापासून हे परक्याचे पाणी आपल्या हाती आले, आणि आपण त्याचे काय केले? उसाचे मळे केले. राज्यातल्या सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत आपली गणना होते, याचा अभिमान वाहणाऱ्या सभांतून मी बसलो आहे. परंतु ज्या मुलखाने सात-आठ इंच ओलीवर ज्वारी काढण्याची विद्या शतकानुशतके कमावली त्याने बारा महिने पाण्यात उभे राहणारे पीक थोरवीचे लक्षण मानावे, हे मला कर्ज काढून मेजवानी घातल्यासारखे वाटते. हे माझे मत झाले; सभागृहात कारखान्याचे सभासद असतील तर त्यांनी ते वृद्धाचे म्हणून सोडून द्यावे. आणि पाठीमागल्या दाराचा पाऊसही नेहमी सभ्यपणे येतो असे नाही. २०२० च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातून निघालेले वादळी क्षेत्र तेलंगणा ओलांडून थेट आपल्यावर आले, एका रात्रीत ओढ्यांच्या नद्या झाल्या, आणि पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसे दगावली. हत्ती म्हणतात तो हा.

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या सोन्नलगीत, म्हणजे तेव्हाच्या सोलापुरात, तळे खणवले, तेव्हाही प्रश्न हाच, थोड्या जमेवर संसार कसा चालवावा हा, असला पाहिजे. त्यांच्या यात्रेत, संक्रांतीच्या रात्री होम झाल्यावर, भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये, गूळ, बोरे, गाजर, पान-सुपारी असे जिन्नस मांडतात; ते ज्याला तोंड लावील ते महागणार, ते मुतले तर पाऊसपाणी होणार, बुजले तर अरिष्ट. हजारो माणसे त्या वेळी श्वास रोखून उभी असतात, आणि त्यांत आडत दुकानदारही असतात, हे मी पाहिले आहे. गुरुजी स्वतः शास्त्राचे अभिमानी. वर्गात त्यांनी भाकणुकीची थट्टाही केली नाही आणि तरफदारीही. त्यांच्या निधनानंतर ती लाल वही काही दिवस माझ्याकडे होती, तेव्हा मी सहज जानेवारीची पाने उलटली. पंधरा तारखेपुढे दरसाल त्याच वळणदार अक्षरात ‘निरंक’ होते, आणि त्याच्या पुढच्या रकान्यात, एकही वर्ष न चुकता, वासराचा शेरा. मी उघडलेल्या पानावर लिहिले होते : ‘रात्री थंडी बरी. वासरू बुजले नाही. ज्वारी हुंगून सोडली.’